लेकीचं झाड

मेट्रनने काचपेटीचं झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. आतली दमट हवा चष्म्यावर आली, पण चष्मा पुसायला वेळ नव्हता. डाव्या हाताच्या बोटाने तिने मधल्या कुंडीतलं रोप किंचित कलतं केलं, उजव्या हाताच्या नखाने खालच्या रांगेतलं एक पान बाजूला दाबलं, आणि पान बुडापासून अलगद सुटून तिच्या तळव्यात आलं. करंगळीच्या नखाएवढं, जाड, कडेला लालसर.

आतल्या खोलीत दंतवैद्य फोनवर बोलत होता.

"दुखणारच हो. दाढ काढलीय, केस नाही कापले... नाही, आज गरम काही नको."

तिने पर्समधून रुमाल काढला, पान त्याच्या घडीत ठेवलं, रुमाल परत पर्समध्ये घातला, झाकण पेटीवर बसवलं. दंतवैद्य दोन कप चहा घेऊन बाहेर आला तेव्हा ती बाकावर, पर्स मांडीवर घेऊन, नंबर लावून आलेल्या पेशंटसारखी बसली होती.

रुमाल ओला होता. तो तिने घरून निघतानाच ओला करून, पिळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. पुढे स्वतःच्या मनाची समजूत घालताना तिची गाडी नेमकी या रुमालापाशी येऊन अडायची. मोह झाला, हात गेला, असं म्हणता आलं असतं. पण मोह होणाऱ्या माणसाचा रुमाल कोरडा असतो.

"आज पेशंट लवकर संपले वाटतं," ती म्हणाली.

"संपले कसले, पळाले. मशीनचा आवाज ऐकला की निम्म्यांची दुखणी बरी होतात." दंतवैद्याने तिला कप दिला आणि स्वतःचा घेऊन तो पेटीपाशी गेला. जरा वाकला. मग सरळ झाला, आणि साखर कमी झाली का, असं विचारलं.

"नाही, बरोबर आहे," मेट्रन म्हणाली. तिने अजून घोटही घेतला नव्हता.

उभी हयात तिने इस्पितळात काढली होती. निवृत्त होऊनही गल्लीतला भाजीवाला तिला मेट्रनच म्हणायचा. तिच्या वॉर्डात कापसाच्या बोळ्याचाही हिशेब लागे, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली तिने कधी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. निवृत्तीनंतर घरातली शांतता अंगावर यायला लागली, तेव्हा कुणाच्या तरी खिडकीत तिने पहिलं बटरवर्ट पाहिलं. जमिनीला चिकटून गुलाबासारखी उमललेली चपटी पानं, त्यांवर लोणी फासल्यासारखा चिकट थर, आणि त्यात अडकलेली चिलटं. झाड ती सावकाश पचवतं. ना जबडा, ना काटे, ना कसली हालचाल. तिला ते स्वच्छ काम फार आवडलं.

अशी झाडं काचपेटीत वाढवणारी शहरात मोजकी डोकी होती. त्यांचं मंडळ दर महिन्याला आळीपाळीने एकेकाकडे जमायचं. पान काढून ओल्या वाळूवर ठेवलं की त्याच्या बुडाशी पिल्लं धरतात, त्यामुळे मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नसे. अपवाद या एकाच झाडाचा.

मंडळात त्याला लेकीचं झाड म्हणत. दंतवैद्याच्या मुलीने कॉलेजात असताना दोन वेगळ्या झाडांची फुलं दात कोरायच्या काडीने एकमेकांना जुळवली होती. त्या बियांतून जे उगवलं त्यातलं हे एकच जगलं. तसं झाड दुसरीकडे कुठे असायचं कारण नव्हतं. पुढे मुलीने आपला दवाखाना चालवावा असा बापाचा हट्ट, आणि मुलीला जन्मभर लोकांच्या तोंडात डोकवायचं नव्हतं. शब्दाला शब्द वाढला. ती दूरच्या शहरात निघून गेली आणि झाड दवाखान्यात राहिलं.

मेट्रनने एकदा पान मागितलं होतं.

"बाकी काहीही न्या," दंतवैद्य म्हणाला होता, "अख्खी पेटी न्या. पण हे तिला विचारल्याशिवाय नको."

"मग विचारा की."

"फोन उचलला तर विचारेन."

मेट्रन "बरं" म्हणाली होती. तिला नकार ऐकायची सवय नव्हती. दुसऱ्यांदा मागायची तर त्याहून नव्हती.

त्या संध्याकाळी निघताना दंतवैद्याने नेहमीप्रमाणे पाण्याचा कॅन तिच्या हातात दिला. या झाडांना नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी ती हळूहळू मरतात. दंतवैद्याकडे उपकरणं वाफवायच्या यंत्रासाठी डिस्टिल्ड पाणी येई, आणि त्यातलं तो सगळ्या मंडळाला वाटे.

"जड आहे. रिक्षापर्यंत आणू?"

"नको, नको," ती म्हणाली, जरा जास्तच जोरात.

घरी धाकटी बहीण दिवाणखान्यात शब्दकोडं सोडवत बसली होती. तिचा नवरा गेल्यापासून दोघी एकत्र राहत. धाकटीला झाडांतलं काही कळत नसे आणि ते न कळण्याचा तिला अभिमान होता. काचपेटीला ती "ताईचा आयसीयू" म्हणायची. घरात यायचं तर माशीलासुद्धा मृत्युपत्र करून यावं लागतं, असं तिने सगळ्या नात्यात पसरवलं होतं.

मेट्रनने छोट्या पारदर्शक डब्यात वाळू आणि पर्लाइटचे हलके पांढरे दाणे कालवून ओलं मिश्रण केलं, पान त्यावर आडवं ठेवलं, झाकण लावलं आणि डबा पेटीच्या मागच्या कोपऱ्यात सरकवला. तिच्या प्रत्येक कुंडीत नाव आणि तारीख लिहिलेली पांढरी पट्टी असे. या डब्यासाठी तिने पट्टी हातात घेतली, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

काही आठवड्यांनी पानाच्या बुडाशी मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. एक, मग आणखी दोन. इतर वेळी असं काही दिसलं की ती स्वयंपाकघरात जाऊन धाकटीला हाताला धरून घेऊन यायची, आणि धाकटी भिंगातून पाहून "हो, दिसतंय, अभिनंदन, मुलगा की मुलगी?" म्हणायची. या वेळी मेट्रनने भिंग ठेवलं, डब्याचं झाकण लावलं आणि पुढच्या कुंड्या थोड्या जवळ सरकवल्या.

तरी धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही.

"हे कोण? यांच्या कपाळावर चिठ्ठी नाही ती?"

"पानं मिसळली होती. कुठलं ते आठवत नाही."

"तुला आठवत नाही?" धाकटी हसली. "कुठल्या सिस्टरने कुठल्या साली थर्मामीटर फोडला ते तुला आठवतं."

मेट्रन पेटीची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

मंडळ तिच्याकडे जमायचं होतं त्या सकाळी तिने तो डबा उचलून कपड्यांच्या कपाटात, शालींच्या मागे ठेवला. लोक आले, पेटीभोवती वाकले. निवृत्त पोस्टमास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय मेट्रन, नवीन बाळंतपण?"

"काही नाही या वेळी."

चहाचा ट्रे घेऊन आलेली धाकटी काहीतरी बोलायला गेली, मग तिने बहिणीकडे पाहिलं आणि ट्रे पुढे केला. दंतवैद्यही आला होता. त्याने येताना दोन कॅन आणले होते. ते त्याने कुणी न सांगता उचलून बाल्कनीत नेऊन ठेवले, आणि जाताना तो म्हणाला, "उन्हाळा आहे, पिल्लांना पाणी कमी पडू देऊ नका." पिल्लं मेट्रनच्या पेटीत इतरही होतीच. तरी सगळे गेल्यावर ती बराच वेळ शालींच्या कपाटासमोर उभी राहिली.

झाडं मात्र चोरीची म्हणून वाढायची थांबली नाहीत. पावसाळ्यात ती रुपयाएवढी झाली, पानं ओलसर चमकायला लागली, चिलटं धरायला लागली. तिन्हींच्या कडा लाल. इतकी देखणी रोपं तिच्या पेटीत पूर्वी झाली नव्हती, आणि तिला ती बघवत नव्हती. पाणी घालताना ती तेवढ्या डब्यात मान वळवून पाणी घाली. ते पाणीही त्याच माणसाचं होतं.

पुन्हा थंडी पडली. थंडीत ही झाडं झोपतात. मोठी चिकट पानं गळून जातात, मधोमध लहान, जाड, कोरड्या पानांचा घट्ट गड्डा उरतो. नवख्याला वाटतं, झाड मरायला टेकलं. तेव्हा त्याच्या वाटेला जायचं नसतं, आणि पाणी तर जवळजवळ बंदच ठेवायचं असतं.

अशाच एका दुपारी दारावरची बेल वाजली. दंतवैद्य उभा होता, न कळवता आलेला, हातात कापडी पिशवी. दवाखान्याची वेळ होती आणि त्याच्या अंगात पांढरा कोट तसाच होता.

"बसा, आलेच," म्हणत मेट्रन आतल्या खोलीत गेली. पेटीवर तिने वाळत घातलेला मोठा टॉवेल ओढून टाकला आणि बाहेर आली.

त्याने पिशवीतून कुंडी काढून टेबलावर ठेवली. गड्ड्याच्या जागी तपकिरी लगदा झाला होता. खोलीत कुजल्याचा मंद वास पसरला.

"लेकीचं?" तिने विचारलं.

"हं." त्याने कोटाच्या खिशात हात घातले. "तिचा फोन आला होता. येतेय म्हणाली. चार दिवस राहीन म्हणाली. आणि पहिलं काय विचारलं माहितेय? माझं झाड आहे का. बापाची तब्येत नंतर." तो हसायला गेला. "झाड तर असं मिटून बसलेलं. म्हटलं, ती आल्यावर तिला काय दाखवू. जरा फुलावं म्हणून पाणी घातलं. मग रोजच घालत बसलो. मला माहीत नाही का थंडीत घालायचं नसतं? माहितेय. तरी घातलं."

मेट्रनने कुंडी स्वतःकडे ओढली.

"तुम्ही जन्मभर माणसं वाचवलीत," तो म्हणाला. "बघा. तुमच्याकडे... काही निघतंय का."

तिने चिमटा आणला, भिंग आणलं, ताटलीत पांढरा कागद अंथरला. लगद्यातून एकेक पान सोडवून ती कागदावर मांडू लागली. प्रत्येक पान बोटांत येताच फुटत होतं. पहिल्या पानालाच तिला कळलं होतं, खरं तर दारात वास आला तेव्हाच. तरी ती शेवटच्या पानापर्यंत गेली, सावकाश, भिंगाखाली उलटंसुलटं करत, तज्ज्ञ माणसासारखी. समोर दंतवैद्य तिच्या चिमट्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

टॉवेल टाकलेली पेटी भिंतीच्या पलीकडेच होती.

"राहू द्या माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. "बघते."

दंतवैद्य उठला. "बघा," म्हणाला. आणि चहा न घेताच गेला.

दार लागल्यावर ती आत आली. धाकटी पेटीपाशी उभी होती. टॉवेल तिने खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवला होता आणि मागचा डबा उचलून पुढे आणला होता.

"ताई, हे त्यांच्याकडचंच ना?"

"पान पडलं होतं."

"पडलं होतं?"

धाकटीच्या तोंडावर चेष्टेचं काही येईल याची मेट्रन वाट पाहत होती. आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. चोर तो चोर वर शिरजोर, असलं काहीही. पण धाकटी डब्याकडे पाहत होती, आणि बोलली तेव्हा अगदी हळू बोलली.

"मग तो माणूस समोर रडत होता, तेव्हा तू चिमट्याने काय शोधत होतीस?"

त्या रात्री दोघी जेवायला बसल्या. धाकटीने तिला दोनदा वाढलं, पाणी दिलं, सगळं नेहमीसारखं केलं. फक्त शब्दकोड्यातलं अडलेलं विचारलं नाही.

मेट्रनला वाटलं, उद्या जावं आणि सांगावं. मग तिने ते सांगणं मनात म्हणून पाहिलं. 'डॉक्टर, मी तुमच्याकडून...' इथवर यायचं, पुढचं क्रियापद येत नव्हतं. नेलं, घेतलं, उचललं. वॉर्डात एखाद्या आयाने दुधाची पावडर नेली तर तिने कधी 'नेली' असा शब्द वापरला नव्हता. तेव्हा योग्य तो शब्द तिच्या जिभेवर तयार असायचा.

आणि मग दुसरी वाट सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा ती टेबलावरच होती. मेलेल्या झाडाची कुंडी तिच्याकडे, आणि "बघते" असं ती म्हणालीही होती. तिने कुंडीतला लगदा काढला, वरची वाळू बदलली, तीन पिल्लांतलं सगळ्यात लहान अलगद उचलून मधोमध लावलं. बोटाने भोवतीची वाळू दाबली. जणू तिथेच जन्मलेलं. एक पान शाबूत निघालं, त्याने जीव धरला. यात खोटं एवढंच की ते पान कधीचं. दंतवैद्याला झाड मिळेल, लेकीला तिचं झाड दिसेल, कुणाचं काही बिघडणार नाही. उरलेली दोन तिने परत मागे सरकवली.

तिने फोन केला.

"डॉक्टर, एक पान वाचलंय. जीव धरतंय असं वाटतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असं?" दंतवैद्य म्हणाला. "हाताला गुण आहे तुमच्या, मेट्रन."

ती दवाखान्यात गेली तेव्हा संध्याकाळची वेळ होती. बाकावर पेशंट कुणी नव्हतं. काचपेटीसमोर एक तरुण बाई जमिनीवरच मांडी घालून बसली होती, प्रवासाची बॅग शेजारी, केस कसेतरी वर बांधलेले. हनुवटी हुबेहूब दंतवैद्याची.

"तुम्ही मेट्रनमावशी ना?" ती उठली. "बाबांनी सांगितलं. म्हणाले झाड मी मारलं, मेट्रननी वाचवलं. दोन्ही वाक्यं एका दमात. बाबा आणि स्वतःची चूक! मला वाटलं त्यांना ताप आलाय."

दंतवैद्य बेसिनपाशी हात धूत होता. त्याने मान हलवली, मागे वळला नाही.

मेट्रनने कुंडी पुढे केली. मुलीने ती दोन्ही हातांत घेतली, दिव्याखाली नेली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "लाल कड," ती म्हणाली. "आहे. तीच आहे." मग नखाने तिने गड्ड्याखालचं जरासं उचकलं. पुन्हा उचकलं. कपाळाला आठी पडली.

"पण मावशी, हे आत्ता धरलेलं नाही. खाली जुन्या पानांचे पापुद्रे आहेत बघा, मोठ्या पानांचे. याने उन्हाळा-पावसाळा काढलाय. वर्षाचं तरी असेल." तिने वर पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "मेलेल्या कुंडीतून हे कसं येईल?"

मेट्रनने तोंड उघडलं. बेसिनचा नळ बंद झाला.

"यांनी नाही आणलं त्यातून," दंतवैद्य म्हणाला. टॉवेलला एकेक बोट पुसत तो सावकाश इकडे आला. "मीच दिलं होतं एक पान मेट्रनना. गेल्या थंडीत. एकाच घरात एकच झाड, उद्या काही झालं तर? म्हटलं, असू दे दुसरीकडे. मग विसरून गेलो. आता वय झालं. यांनी आठवण ठेवून वाढवलं, आणि वर श्रेय नको म्हणून ही वाचवल्याची थाप."

मुलगी बापाकडे पाहत राहिली.

"तुम्ही दिलंत?"

"का? मी देऊ नये?"

"तुम्ही कुणाला काही सोडून देता, बाबा?" ती हसली. "मला वाटलं, पेटीला कुलूप लावून बसला असाल." आणि मेट्रनकडे वळून म्हणाली, "खरं सांगा मावशी, कसं दिलं? तुम्ही हातातून ओढून घेतलंत ना?"

दंतवैद्य टॉवेलची घडी करत होता. मेट्रनकडे त्याने पाहिलं नाही. तिला हवं ते म्हणायची मोकळीक होती. मुलीच्या चेहऱ्यावर, बापाबद्दल इतक्या वर्षांनी काहीतरी नवीन कळल्याचा उजेड होता, आणि तो उजेड विझवायला मेट्रनचं एक खरं वाक्य पुरेसं होतं. सबंध आठवडाभर न सापडलेलं क्रियापद आत्ता तिच्या जिभेवर येऊन उभं होतं.

"नाही," मेट्रन म्हणाली. "त्यांनी स्वतः काढून दिलं. खालच्या रांगेतलं. मी नुसता रुमाल पुढे केला."

"हो?" मुलगी बापाला म्हणाली. "बघा, जमतं की तुम्हाला."

मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "एका पानाला एकच आलं?"

"तीन," मेट्रन म्हणाली. "दोन घरी आहेत." निदान एवढं तरी खरं तिला बोलता आलं, आणि त्याने काहीच हलकं झालं नाही.

मुलीने टाळी वाजवली. एक मी नेते, एक बाबांना, एक तुम्हाला, अशी वाटणी तिने उभ्याउभ्या करून टाकली. कोरड्या वाळूत ते प्रवासात कसं न्यायचं हेही ठरवलं. मेट्रन "हो", "हो" म्हणत होती. चहा आला, तो तिने उभ्यानेच घेतला. मुलगी आतल्या खोलीत जुन्या कुंड्या शोधायला गेली तेव्हा ती निघाली, आणि दंतवैद्य तिच्याबरोबर दारापर्यंत आला.

उंबऱ्याशी ती थांबली. तिला त्याच्या कोटाच्या वरच्या बटणाकडेच बघता येत होतं.

"कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी," तो म्हणाला. "ओळीतला एक गेला की फट दिसते. आयुष्यभर दुसरं केलं काय मी?" त्याच्या आवाजात राग नव्हता. फक्त खूप पेशंट तपासून झाल्यावर येतो तसा थकवा होता.

ती एक पायरी उतरली. मग तिला ती दुपार आठवली. मेलेलं झाड ओळखायला त्याला कुणाच्या भिंगाची गरज नव्हती. तरी तो दवाखाना टाकून आला होता, कोटासकट. समोर बसून राहिला होता, आणि तिने त्याला शेवटच्या पानापर्यंत सगळी पानं उलटून दाखवली होती. ती मागे वळली.

"डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही..."

"जाऊ द्या," तो म्हणाला.

आतून मुलीने हाक मारली, जुन्या कुंड्या कुठल्या खणात आहेत म्हणून. "डावीकडच्या," त्याने वळून सांगितलं. मग पुन्हा मेट्रनकडे पाहिलं, आणि नेहमी विचारायचा त्याच साध्या आवाजात विचारलं,

"रविवारी मंडळ तुमच्याकडे आहे ना? तिलाही घेऊन येऊ?"

"या," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं.

"या."